विसावा हा दोष आहे काय?



एप्रिल अखेरीस परीक्षा आटोपल्या, उत्तरपत्रिका तपासून झाल्या, आणि त्याबरोबर माझी नोकरीही संपली. मी तासिका तत्त्वावर शिकविणारा शिक्षक आहे. जेवढे तास शिकवावे तेवढ्यांचेच मानधन मिळते. शाळा बंद झाली की मानधनही बंद. जूनच्या अखेरीस आमच्या विदर्भातील शाळा उघडतील, तेव्हा दुसऱ्या गावच्या शाळेत मला रुजू व्हावयाचे आहे. मधले दोन महिने मी कोणाचाच नोकर नव्हतो.

या दोन महिन्यांत पैसे मिळविण्याची संधी आली नव्हती असे नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी एका शिकवणी वर्गात उन्हाळी तुकडीला शिकविण्याचे बोलावणे आले होते. मी नाही म्हटले. घरात दोन महिन्यांचे धान्य होते, कोणाचे देणे नव्हते, आणि वर्षभर मुले मला फक्त रात्री पाहत होती. म्हणून पत्नी व दोन मुलांना घेऊन मी आईवडिलांकडे खेड्यावर आलो. बहिणीची मुले आली. लहानपणीचे मित्र आपापल्या कामांवरून चार-आठ दिवसांसाठी आले. अंगणात खाटा टाकून झोपणे, पहाटे नदीवर जाणे, दुपारी कैरीचे पन्हे, रात्री गप्पा, असे माझे दिवस गेले. ते सुखाचे गेले, हे मी प्रथमच कबूल करतो.

परंतु या सुखाला एक सल होता. वडील म्हणाले, "चालून आलेला पैसा सोडते काय रे बाबू?" वाटेत भेटणारा प्रत्येक जण विचारी, "सर, सध्या काय चालू आहे?" आणि "काही नाही" असे उत्तर देताना माझी मान आपोआप खाली जाई. कोणाचा एक पैसा घेतला नव्हता, कोणाचे काम अडविले नव्हते. मग ही शरम कशाची? काम नसताना माणसाने आनंदात राहणे नीतीला धरून आहे की नाही? हा प्रश्न माझ्या एकट्याचा नाही. तुमच्यापैकी कोणी सालगडी असेल, कोणी हंगाम संपवून परतलेला ऊसतोड कामगार असेल, कोणाची मुलगी कंत्राटी परिचारिका असेल. एक काम सुटले आणि दुसरे अजून लागले नाही, असे दिवस आपल्या बहुतेकांच्या घरी येतात. त्या दिवसांचे काय करावे, याचा विचार आपण क्वचितच करतो. म्हणून हा लेख.

पाडव्याचे तीन दिवस

माझे वडील पंचवीस वर्षे सालगडी होते. आमच्या भागात गड्याचे साल गुढीपाडव्याला संपते व नवे साल तेव्हाच सुरू होते. जुन्या मालकाचा हिशेब होऊन नव्या मालकाच्या दारात उभे राहीपर्यंत मध्ये दोन-तीन दिवस सापडत. वर्षाच्या तीनशे पासष्ट दिवसांत तेवढेच त्यांचे स्वतःचे. एरव्ही ते मालकाच्या गोठ्यात झोपत. त्या तीन रात्री ते आमच्याजवळ अंगणात झोपत. दिवसा आम्हां भावंडांना नदीवर नेत आणि येताना एक टरबूज विकत घेत. टरबूज कापण्यापूर्वी त्यावर बोटाने टिचकी मारून ते कान लावून ऐकत, आणि आम्हीही आळीपाळीने कान लावीत असू. त्या टरबुजाची गोडी मला आजही आठवते.

परंतु तिसऱ्या दिवशी नव्या मालकाचा माणूस दारात येई. कारण नव्या सालाची उचल अगोदरच घेतलेली असे, आणि ती मागील वर्षाच्या दुखण्यात किंवा बहिणीच्या लग्नात खर्चही झालेली असे. म्हणजे त्या तीन दिवसांचाही मालक दुसराच होता.

आज वडिलांचे वय पासष्टच्या पुढे आहे, आणि अजून त्यांना स्वस्थ बसता येत नाही. भर मे महिन्याच्या दुपारी ते दोरी वळत बसतात. दोरी संपली की अंगण झाडतात. झाडलेले पुन्हा झाडतात. एके दिवशी मी घरापुढील कडुनिंबाखाली खाट टाकून पडलो होतो. ते आले आणि हळू आवाजात म्हणाले, "बाबू, खाट मांगं घे. रस्त्यावरून दिसून रायली."

मला वाटले, मुलगा बेकार दिसतो याची त्यांना लाज वाटत असावी. संध्याकाळी मी विचारले तेव्हा खरे कारण कळले. ते म्हणाले, "बसलेला मानूस दिसला का त्याले कोनीबी काम सांगे. लाकडं फोडून दे म्हने, निरोप देऊन ये म्हने. नाही म्हनाची सोय नव्हती."

वाचकहो, या एका वाक्याने माझ्या शरमेचे मूळ मला सापडले. ती शरम माझी नव्हतीच. बसलेला दिसणे हे आपल्या माणसांसाठी पिढ्यान्‌पिढ्या धोक्याचे होते. धोका गेला तरी सवय राहिली, आणि तीच सवय पुढच्या पिढीला नीती वाटू लागली.

विसावा कोणी हिरावला?

गावकामाच्या पद्धती ठिकठिकाणी निरनिराळ्या होत्या, परंतु त्यांचे मर्म एकच होते. मुंबई इलाख्यातील महार वतनाचे उदाहरण घ्या. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. वतनदार महाराच्या कामाला वेळेचे बंधन नाही, चोवीस तासांत केव्हाही हाक आली की त्याने हजर झाले पाहिजे, आणि तो नसला तर त्याच्या घरच्या माणसाला धरून नेतात, ही त्यांची मुख्य तक्रार होती. मोबदला तुटपुंजा होता हे तर खरेच. पण दिवसातील एकही घटका माणसाच्या मालकीची नसावी, हा त्याहून मोठा अन्याय होता. कनिष्ठ गावकामगार वतने नाहीशी करणारा कायदा होण्यास १९५८ साल उजाडावे लागले.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद होते. त्या काळात कारखाना कायद्यात दोन दुरुस्त्या झाल्या. १९४५ च्या दुरुस्तीने बारमाही कारखान्यात एक वर्ष सलग काम केलेल्या प्रौढ कामगाराला दहा दिवसांची भरपगारी सुट्टी मिळाली. १९४६ च्या दुरुस्तीने अशा कारखान्यांतील आठवड्याचे कमाल तास ५४ वरून ४८ वर आले. दहा दिवस आणि सहा तास! आज हे आकडे लहान वाटतील. परंतु ज्याच्या वाडवडिलांना चोवीस तास हाकेला ओ द्यावी लागे, त्या माणसाने देशाच्या कायद्यात कामगाराच्या विसाव्याचे तास मोजून लिहविले, हे ध्यानात घेतले म्हणजे त्यांचे मोल कळते.

१९४५ मध्येच प्रसिद्ध झालेल्या, काँग्रेस व गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केले याची चिकित्सा करणाऱ्या आपल्या ग्रंथात बाबासाहेबांनी फुरसतीचा प्रश्न सरळ तत्त्वाच्या पातळीवर नेला आहे. त्यांच्या विवेचनाचा आशय असा : केवळ पोटासाठी राबण्यात ज्याचा सारा दिवस जातो, त्याला मनाचा विकास साधता येत नाही, संस्कृती फुरसतीवर उभी राहते, आणि यंत्राने श्रम वाचत असतील तर ती फुरसत मूठभरांची न राहता सर्वांची झाली पाहिजे, हे लोकशाही समाजाचे ध्येय असावयास हवे. तेव्हा ज्यांना विसावा पाप वाटतो त्यांनी हे समजून घ्यावे की, विसावा हा आपल्या चळवळीने मागितलेल्या हक्कांपैकीच एक हक्क आहे.

आळस आणि विसावा

कोणी म्हणेल, "गुरुजी, हे सारे ठीक, पण धम्मात तर आळसाचा निषेध आहे." निश्चितच आहे. सिगालोवाद सुत्तात भगवंतांनी आळशी माणसाची लक्षणे सांगितली आहेत. फार थंडी आहे, फार ऊन आहे, फार लवकर आहे, फार उशीर झाला आहे, भूक लागली आहे, पोट भरले आहे, अशी कारणे सांगून तो काम टाळतो. न मिळविलेले धन त्याला मिळत नाही आणि मिळविलेले नष्ट होते.

परंतु त्याच सुत्तात पुढे मालकाने नोकराशी कसे वागावे हेही सांगितले आहे. शक्तीप्रमाणे काम द्यावे, अन्न व वेतन द्यावे, आजारपणात शुश्रूषा करावी, गोडधोड वाटून खावे, आणि पाचवे म्हणजे योग्य वेळी त्याला सुट्टी द्यावी. ज्या उपदेशात आळसाचा धिक्कार आहे त्याच उपदेशात सुट्टीचे कर्तव्य आहे! यावरून उघड होते की भगवंतांच्या दृष्टीने आळस आणि विसावा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हाती असलेले काम टाळणे हा आळस होय. काम केलेल्या शरीराला व मनाला त्यांचे देणे परत करणे हा विसावा होय.

सोण नावाच्या भिक्खूची कथा तुम्ही विहारात ऐकली असेल. चंक्रमण करून करून त्याचे पाय रक्तबंबाळ झाले, तरी मनाला शांती लाभेना. तो पूर्वी वीणा वाजवीत असे. भगवंतांनी त्याला विचारले, वीणेच्या तारा फार ताणल्या तर सूर लागतो काय? फार सैल सोडल्या तर लागतो काय? दोन्हींना त्याचे उत्तर नाही असेच होते. प्रयत्नाचेही तसेच आहे, असे भगवंतांनी त्याला समजाविले. माझ्या वडिलांच्या तारा आयुष्यभर दुसऱ्यांनीच ताणून ठेवल्या. आता ताणणारा कोणी नाही, तरी त्या सैल होत नाहीत.

आणखी एक गोष्ट. अनाथपिंडिकाला भगवंतांनी गृहस्थाची चार सुखे सांगितली : धर्माने मिळविलेले धन असण्याचे सुख, ते उपभोगण्याचे सुख, ऋण नसण्याचे सुख आणि निर्दोष आचरणाचे सुख. उपभोगाला सुखांच्या यादीतून वगळलेले नाही, हे पाहा. पण त्याच्या दोन्ही बाजूंना पहारा ठेवला आहे. धन सन्मार्गाचे हवे, आणि डोक्यावर ऋण नको. माझ्यावर सावकाराचे देणे असते तर मी उन्हाळी तुकडी शिकवावयास गेलोच असतो, व जाणेच योग्य ठरले असते. मे महिन्यात कर्ज काढून मांडव घालावयाचा, मोठमोठी वाद्ये लावावयाची, आणि पाऊस पडला की बी-बियाण्यासाठी दुसऱ्याच्या दारी जावयाचे, हा आनंद नव्हे. ती नव्या मालकाची उचल आहे. फक्त मालकाचे नाव बदलले आहे.

माझ्या घरातील चोवीस तास

येथवर विचार करून मी स्वतःवर खूष झालो होतो. इतिहास माझ्या बाजूचा, बाबासाहेब माझ्या बाजूचे, धम्म माझ्या बाजूचा. आता निर्धास्तपणे खाटेवर पडावयास हरकत नव्हती. तेवढ्यात माझ्या पत्नीने एका वाक्यात माझा तोल आणला.

घरात त्या वेळी अकरा माणसे होती. कुरडयांसाठी गहू तीन दिवसांपासून भिजत घातले होते. चौथ्या दिवशी पहाटे चार वाजता उठून ती व माझी आई चीक शिजवीत होत्या, कारण ऊन चढण्यापूर्वी कुरडया घालून व्हावयास हव्या होत्या. नऊ वाजता मी उठलो आणि चहा मागितला. ती शांतपणे म्हणाली, "अहो, तुमची शाळा सुटली, माझी मात्र दोन पाळ्यांत भरली."

ती रागावली नव्हती. पण ते वाक्य दिवसभर माझ्या डोक्यात राहिले. शाळा चालू असताना तिला एका मुलाचा व एका मुलीचा डबा, माझा डबा आणि दुपारचे शिवणकाम एवढे होते. माझी सुट्टी लागताच तिला अकरा माणसांचे तीन वेळचे अन्न, मित्रांचे चहा, मुलांचे पन्हे आणि वर्षाचे वाळवण, एवढे काम आले. शिवणयंत्रावर कापड पडून राहिले, म्हणजे तिची मिळकतही गेली. माझा विसावा आकाशातून पडला नव्हता. तो तिच्या झोपेतून कापून घेतलेला होता.

वाचकहो, मी १९२८ च्या विधेयकाविषयी वाचलेले पुन्हा आठविले. जिच्या कामाला वेळेचे बंधन नाही, हाक आली की जिने उठलेच पाहिजे, आणि ती नसली तर तिच्या मुलीला बोलावले जाते, अशी व्यक्ती आज माझ्या घरात कोण आहे? गावाने आपल्या घराण्याशी केले ते मी माझ्या घरात करीत आहे काय? या प्रश्नाला मी टाळाटाळ केली असती तर आळसाच्या त्या सहा सबबींत सातवी माझी जमा झाली असती.

आम्ही घरात काही गोष्टी ठरविल्या. सकाळचे पाणी भरणे व दोन्ही वेळची भांडी मी आणि माझ्या मेहुण्याने घ्यावयाची. रात्रीची खिचडी मी करावयाची; भाकर मला येत नाही, ती शिकत आहे. दुपारी एक ते चार कोणीही चहा मागावयाचा नाही. आणि पत्नीने दोन दिवस एकटीने तिच्या मैत्रिणीकडे जाऊन यावयाचे, मुले आम्ही सांभाळावयाची.

हे सहज झाले असे समजू नका. मी हौदावर भांडी घेऊन बसलो तेव्हा वडील उठून बाहेर गेले. आई म्हणाली, "पोराले भांडे घासाले लावलं." मित्रांनी थट्टा केली. दोन-तीन दिवसांत थट्टा थकली. आईचा राग मात्र पंधरा दिवस टिकला. आणि मग एका दुपारी तीही एक ते चार झोपली. लग्न होऊन या घरात आल्यापासून दुपारी आजारी नसताना ती प्रथमच झोपली असावी.

फुरसतीचा हिशेब

आता कार्यकर्त्या मित्रांसाठी दोन शब्द. आमच्यातील एक जण म्हणाला, "दोन महिने मिळाले तर अभ्यासवर्ग घ्यावयाचा, वाचनालय चालवावयाचे. नदीत डुंबून समाजाचे काय भले झाले?" त्याची तळमळ खरी आहे. विहाराच्या ओट्यावर आम्ही काही संध्याकाळी मुलांना घेऊन बसलो, पुस्तके वाचली, बुद्ध पौर्णिमेची तयारी केली. ते झालेच पाहिजे. परंतु आनंदाच्या प्रत्येक घटकेने आपली उपयुक्तता सिद्ध करावी, ही अट मला मान्य नाही. "तू कामाचा आहेस तोवरच तुला जागा आहे," हे आपल्याला गावाने शिकविले. ते आपण आपल्याच मुलांना शिकवावे काय? माझ्या मुलाने टरबुजाला कान लावून ऐकले, याने समाजाचे काही भले झाले नसेल. त्याचे झाले, आणि तोही समाजच आहे.

मित्रांच्या निवडीविषयी मात्र सावध असावे. रिकाम्या वेळी माणूस ज्यांच्याजवळ बसतो तसा तो होतो. पत्ते, पैज आणि दारू यांना फुरसत फार लवकर सापडते. भगवंतांनी कल्याणमित्राला एवढे थोर स्थान दिले ते उगाच नव्हे.

आणखी एक सावधगिरी. मी माझ्या दोन महिन्यांत सुख शोधले, याचा अर्थ बिनपगारी दोन महिने न्याय्य आहेत असा कोणी घेऊ नये. वर्षभर शिकविणाऱ्याला सुट्टीत उपाशी ठेवणे आणि त्याला सुट्टी म्हणणे, ही शब्दांची फसवणूक आहे. खरी सुट्टी ती, जिच्यात चूल पेटती राहते. १९४५ च्या त्या दहा दिवसांना 'भरपगारी' हा शब्द जोडलेला होता, हे विसरू नका. कंत्राटी बांधवांनी संघटित होऊन तो शब्द परत मिळविला पाहिजे. अन्यायाशी झगडणे आणि मधल्या दिवसांत मुलांबरोबर हसणे, यांत विरोध नाही. हसणे थांबविल्याने अन्याय लवकर संपतो असा अनुभव नाही.

तेव्हा मूळ प्रश्नाचे माझे उत्तर असे. विसावा हा दोष नाही. मात्र विसावा घेताना स्वतःला तीन प्रश्न विचारावेत : हा विसावा मी ऋण काढून घेत आहे काय? तो घेताना हातचे काम टाळीत आहे काय? आणि माझ्या विसाव्यासाठी घरात कोण जागे आहे? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे आपण स्वतः देऊ शकतो. तिसऱ्याचे उत्तर पत्नीला, आईला, बहिणीला विचारावे लागते, आणि ते ऐकावयाची तयारी ठेवावी लागते.

बुद्ध पौर्णिमेच्या दिवशी विहारातून परतल्यावर वडिलांनी आपली खाट स्वतः उचलली आणि घरापुढे, रस्त्याच्या बाजूला आणून टाकली. काही न बोलता ते तिच्यावर बसले. रस्त्यावरून जाणाऱ्या एकाने नेहमीप्रमाणे हाक दिली, "काय करून रायला?" ते म्हणाले, "बसलो हाव." एवढेच. दोरी त्यांच्या हातात नव्हती.

तुमच्याही घरी असे कोणी असेल. या उन्हाळ्याचे थोडे दिवस अजून उरले आहेत. त्यांना बसू द्या, आणि त्यांच्याजवळ बसा.

जयभीम.